विज्ञानाचे ठिपके मांडणारी मार्गारेट

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी आजीचा एक कार्यक्रम ठरलेला असे. एक जाडसर कागद घ्यायचा, त्यावर पट्टीनं चौकटी आखायच्या आणि रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं पेटत्या उदबत्तीनं एकेक भोक पाडायचं. झाला ठिपक्यांचा कागद तयार! सारवलेल्या अंगणात तो पसरायचा, वरून रांगोळी फिरवायची आणि अलगद उचलायचा. खाली ठिपके कसे शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे! मग त्यावर कमळ काढा, कासव काढा, नाहीतर आपल्या मनाचं काहीतरी काढा. आजीचा हात सुबक होता, पण ती कागदाशिवाय कधी बसली नाही. ठिपके चुकले की सगळी रांगोळी तिरकी जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हा कागद मला परवा अचानक आठवला, तो चक्क कॉम्प्युटरमुळे.

त्याचं असं झालं... आमच्या शेजारच्या वहिनींची लेक बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. करते. म्हणजे काय, हे विचारायला मी दोन वर्षं कचरत होते. नावच असं लांबलचक! शेवटी तिनंच सांगितलं. सजीवांच्या पेशीतली माहिती कॉम्प्युटरवर गोळा करायची, लावायची, ताडून बघायची आणि त्यातून काही अर्थ निघतो का ते शोधायचं. तिचा विषय तर आपल्या ओळखीचाच निघाला. हरभऱ्यावर मर रोग पडतो ना, उभं झाड वाळून जातं, त्या रोगाच्या बुरशीतली प्रथिनं ती तपासतेय.

तर ही मुलगी महिनाभर रडकुंडीला आलेली. काम एका टप्प्याचं नसतं. आधी प्रथिनांची यादी घ्यायची, मग जगभरातल्या माहीत असलेल्या प्रथिनांशी ती ताडायची, मग सारखी दिसणारी एकाखाली एक लावायची, मग त्यांची वंशावळ काढायची. एका टप्प्यातून जे निघेल ते पुढच्या टप्प्यात घालायचं. अशा साखळीला ही मंडळी वर्कफ्लो म्हणतात. हिनं प्रत्येक टप्पा सुचेल तसा केला आणि सुचेल तिथं ठेवला. पुढं सरांनी विचारलं, की हा निकाल कुठल्या यादीवरून काढलास? हिच्याकडे फायनल, फायनल दोन आणि खरंच फायनल अशा नावांच्या तीन फायली! कुठली खरी, हे तिचं तिलाच सांगता येईना. आपलं नाही का होत, खारवलेल्या आणि बिनखारवलेल्या मिरच्यांच्या बरण्यांवर चिठ्ठी लावायची राहते आणि मग प्रत्येकीचं झाकण उघडून वास घेत बसावं लागतं!

मग एका सीनियर मुलीनं तिला सांगितलं की कोऱ्या जागेवर सुरुवात करूच नकोस, टेम्प्लेट घे. टेम्प्लेट म्हणजे साचा. मी शेजारी बसले होते म्हणून पाहिलं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, चित्रं नाहीत की बटणं नाहीत. याला कमांड लाइन म्हणतात, म्हणजे काय हवं ते टाइप करून कॉम्प्युटरला सांगायचं. तिनं एक ओळ टाइप केली. पडद्यानं तिला उलट प्रश्न विचारले. कामाचं नाव काय? थोडक्यात वर्णन काय? लेखक कोण? तिनं दोन उत्तरं दिली, लेखकाचा रकाना मोकळा सोडला आणि एंटरचं बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच समोर अख्खं घर मांडून तयार! कच्च्या माहितीचा कप्पा वेगळा, प्रोग्रॅमचा वेगळा, निकालांचा वेगळा. कुठल्या टप्प्याला कुठली मापं वापरायची ते लिहायची एक वही वेगळी. आणि सोबत नमुन्याची चिमूटभर माहिती, चालवून बघण्यासाठी.

मी म्हटलं, अगं, हा तर आमच्या आजीचा ठिपक्यांचा कागद!

ती हसली आणि म्हणाली, काकू, तुमच्या आजीसारखीच एक बाई आमच्या विषयात होऊन गेली. तिचीही सुरुवात भोकं पाडलेल्या कागदांपासूनच झाली. तिचं नाव मार्गारेट डेहॉफ. मग मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, इतके दिवस हे नाव आपल्या कानावर कसं आलं नाही याचंच आश्चर्य वाटत राहिलं. या शाखेची आई असं तिला विज्ञानाच्या जगात म्हटलं जातं.

मार्गारेट बेल ओकली हे तिचं माहेरचं नाव. जन्म ११ मार्च १९२५, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला. वडिलांचा छोटासा व्यवसाय, आई हायस्कूलमध्ये गणिताची शिक्षिका. एकुलती एक लेक. ती दहा वर्षांची असताना कुटुंब न्यूयॉर्कला आलं. १९४२ साली ती शाळेतून पहिली आली, शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्क विद्यापीठात गेली आणि तीनच वर्षांत, १९४५ मध्ये, गणिताची पदवी घेऊन बाहेर पडली. गणित आईकडून आलं असणार, असं मला आपलं वाटतं. 

पुढं कोलंबिया विद्यापीठात तिनं डॉक्टरेटसाठी रसायनशास्त्र घेतलं, तेही आकडेमोडीचं रसायनशास्त्र. आणि इथंच तो भोकांचा कागद येतो. त्या काळी मोठ्या कचेऱ्यांमध्ये हिशेबासाठी आयबीएमची यंत्रं असत. जाड कागदाच्या कार्डांवर ठरावीक जागी भोकं पाडायची आणि कार्डांची चळत यंत्रात घालायची. भोक कुठं आहे त्यावरून यंत्राला आकडा कळायचा. पगारपत्रकं आणि हिशेब करायची ही यंत्रं! मार्गारेटच्या मनात आलं, की यांच्याकडून रेणूंची गणितं का करून घेऊ नयेत? हातानं करायला गेलं तर डोळे फुटतील अशी गणितं होती ती. तिनं ती टप्प्याटप्प्यात तोडली, कार्डांवर चढवली आणि यंत्राकडून सोडवून घेतली. तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती. एक मोठं काम लहान टप्प्यांत मोडायचं, प्रत्येक टप्प्यातून काय आत जाईल आणि काय बाहेर येईल ते आधी ठरवायचं, ही सवय तिला तेव्हा लागली ती कायमची.

१९४८ मध्ये तिनं एडवर्ड डेहॉफ या भौतिकशास्त्रज्ञाशी लग्न केलं. काही वर्षं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत संशोधन केलं. १९५२ मध्ये नवऱ्याच्या नोकरीसाठी दोघं मेरीलँड राज्यात राहायला गेले. दोन मुली झाल्या आणि मार्गारेटनं घर सांभाळायला सुरुवात केली. हातातलं काम सुटलं. आपल्यातल्या कितीजणींना हा टप्पा वेगळा सांगायला नको. १९५७ पासून दोन वर्षं तिनं मेरीलँड विद्यापीठात पुन्हा संशोधनाचं काम धरलं आणि १९६० च्या सुमारास ती सिल्व्हर स्प्रिंग गावातल्या नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन या नव्या कोऱ्या संस्थेत दाखल झाली. रॉबर्ट लेडली नावाचा माणूस ती संस्था चालवत होता. शिक्षणानं दातांचा डॉक्टर, शिवाय भौतिकशास्त्र शिकलेला, आणि वैद्यकात कॉम्प्युटर आणायचं वेड घेतलेला. मार्गारेट त्या संस्थेची सहसंचालक झाली.

परत आली खरी, पण मधल्या वर्षांचा हिशेब जगानं मागितलाच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिनं सरकारी संशोधन निधीसाठी अर्ज केला, तेव्हा तपासणाऱ्यांनी शंका काढली की हा विषय झपाट्यानं पुढं चाललाय आणि या बाईंचा त्याच्याशी संबंध मध्यंतरी तुटला होता. शब्द सभ्य, अर्थ सरळ! मुलींना वाढवण्यात गेलेली वर्षं तिच्या खात्यावर उधारी म्हणून मांडली गेली. मला इथं वाचताना थांबावंसं वाटलं. कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत तिनं काय केलं ते पाहिलं की वाटतं, संबंध नक्की कुणाचा तुटला होता?

तर ते काम काय होतं, ते जरा सावकाश समजून घेऊ या, कारण सगळी गंमत तिथंच आहे.

आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे मण्यांच्या माळा. मणी वीस प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. कुठला मणी कुठल्या जागी ओवलाय यावर ते प्रथिन काय काम करणार हे ठरतं. पण माळ डोळ्यांना दिसत नाही! ब्रिटनमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनच्या ५१ मण्यांचा क्रम लावला, त्याला जवळजवळ दहा वर्षं लागली आणि १९५८ मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं. पद्धत अशी, की एकसारख्या पुष्कळ माळा घ्यायच्या आणि वेगवेगळ्या रसायनांनी वेगवेगळ्या जागी तोडायच्या. छोट्या तुकड्यांतले मणी ओळखता येतात. मग या तुकड्याचं शेपूट त्या तुकड्याच्या डोक्याशी जुळतंय का, असं बघत बघत पूर्ण माळ परत जोडायची. जुन्या साडीच्या फाटलेल्या काठाची नक्षी जुळवतो ना, तसं. तुकडे दहा-वीस असले तर डोकं लावून जमेल. शंभर असले तर?

१९६२ मध्ये मार्गारेट आणि लेडली यांनी हे जुळवायचं काम कॉम्प्युटरला शिकवलं. प्रोग्रॅमचं नाव कॉम्प्रोटीन. आयबीएम ७०९० नावाच्या, खोलीभर पसरलेल्या यंत्रासाठी तो लिहिला होता आणि तोही पंच कार्डांवर. या प्रोग्रॅमची बांधणी मला फार आवडली. तो एकसंध नव्हता. लहान लहान प्रोग्रॅमांचा गट होता. एकानं दोन तुकड्यांमधला सर्वांत मोठा जुळणारा भाग शोधायचा, दुसऱ्यानं ते तुकडे जोडायचे, आणखी एकानं यादीत शोधाशोध करायची. प्रत्येकाचं काम ठरलेलं. हवं तसं एकापुढे एक लावा आणि चालवा. महिनोन्‌महिने खाणारी जुळणी मिनिटांवर आली.

शेजारच्या मुलीच्या पडद्यावरचा साचा आणि हा साठ वर्षांपूर्वीचा गट, यांत थेट आजी-नातीचं नातं आहे असं मी म्हणणार नाही. हल्ली ही पोरं स्नेकमेक वापरतात, नेक्स्टफ्लो वापरतात. ही २०१२ आणि २०१३ सालची अपत्यं, वेगळ्या लोकांनी घडवलेली. पण त्यांतलं तत्त्व विचाराल तर तेच आहे, एका पात्रातून दुसऱ्या पात्रात ओतायचं आणि प्रत्येक पात्राचं माप आधी ठरवून ठेवायचं.

मापावरून आठवलं. मार्गारेटपुढची पुढची अडचण अगदी आपल्या हजेरीपटासारखी होती. अमिनो आम्लांची नावं लांब. शास्त्रज्ञ तीन तीन अक्षरांत ती लिहीत. पण कार्डावर जागा किती, आणि हजारो मणी उतरवायचे तर कार्डं किती लागतील! तिनं ठरवलं, एका मण्याला एकच अक्षर. इंग्रजी अक्षरं सव्वीस, मणी वीस, म्हणजे पुरेशी. पण नावं बघा... अॅलानिन, आर्जिनिन, अॅस्पॅराजिन, अॅस्पार्टिक आम्ल. सगळ्यांचं पहिलं अक्षर ए! वर्गात चार सुनीता असल्या की बाई काय करतात? एकीला सुनीता म्हणतात, बाकीच्यांना आडनावानं, नाहीतर उंच सुनीता, वेणीवाली सुनीता. मार्गारेटनं तेच केलं. ए मिळाला अॅलानिनला. आर्जिनिनच्या नावात आर ठसठशीत ऐकू येतो, म्हणून त्याला आर. अॅस्पॅराजिनला एन, अॅस्पार्टिकला डी. फेनिलअॅलानिनचं इंग्रजी स्पेलिंग पी-एच असं असलं तरी ऐकू एफ येतो, म्हणून एफ. आणि ट्रिप्टोफॅन हा सर्वांत जाडजूड मणी, दोन कड्यांचा, म्हणून त्याला सर्वांत रुंद अक्षर डब्ल्यू! पाठ करायला सोपं जावं म्हणून केलेली ही युक्ती. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीनं ही एकाक्षरी पद्धत मान्य केली आणि आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत प्रथिन लिहायचं तर त्याच अक्षरांत लिहितात. शेजारच्या मुलीनं मला तिच्या बुरशीचं एक प्रथिन दाखवलं, तेव्हा पडद्यावर हीच अक्षरं ओळीनं पसरली होती. नुसती निरर्थक अक्षरं वाटतात, पण डब्ल्यू दिसला की मला आता ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

१९६५ मध्ये मार्गारेटनं एक पुस्तक काढलं. त्या वेळेपर्यंत ज्या ज्या प्रथिनांचा क्रम कुणी ना कुणी शोधून काढला होता ती सगळी, एकूण ६५, एका जागी आणि एकाच पद्धतीनं मांडलेली. अॅटलस ऑफ प्रोटीन सिक्वेन्स अँड स्ट्रक्चर. लेखक चार, त्यांपैकी तिघी बायका हे मी मुद्दाम सांगते. मार्गारेट स्वतः, मारी चांग आणि मिनी सोचार्ड. चौथे रिचर्ड एक. जगभरातल्या नियतकालिकांत विखुरलेले क्रम शोधायचे, चुका तपासायच्या, एका साच्यात बसवायचे, छापायचे. पुढच्या आवृत्त्या वाढत गेल्या आणि १९७८ पर्यंत हे काम छापील रूपात चालू राहिलं.

आता यात मोठं काय, असं कुणाला वाटेल. त्या काळातल्या पुष्कळ शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं! प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात घेऊन क्रम शोधतो तो संशोधक, आणि दुसऱ्यांनी शोधलेलं गोळा करून मांडते ती काय, कारकून? त्यांच्या लेखी हे संग्रहाचं काम होतं, स्वतःचं संशोधन नव्हे. आपण आयुष्यभर घर लावतो आणि ते काम कुणाच्या खिजगणतीत नसतं, कारण लावलेलं घर दिसत नाही, पसारा तेवढा दिसतो! मार्गारेटच्या वाट्याला विज्ञानातलं हे घरकाम आलं. ती चिडली असेल, नसेल, पण थांबली नाही.

शिवाय तिनं नुसतं मांडून ठेवलं नाही. मांडलेलं एकाखाली एक लावलं की काय दिसतं, हे तिला बघायचं होतं. निरनिराळ्या प्राण्यांतलं एकच प्रथिन घेतलं तर मणी जवळपास सारखे, इथं तिथं एखादा बदललेला. जितके बदल जास्त तितकं नातं लांबचं. यावरून तिनं आणि रिचर्ड एक यांनी कॉम्प्युटरकडून सजीवांच्या वंशावळी काढून घेतल्या. १९६६ मध्ये दोघांनी फेरेडॉक्सिन नावाच्या प्रथिनाचा माग काढला. आज त्यात ५५ मणी आहेत. ते फार प्राचीन काळी एका छोट्या तुकड्याची दुप्पट होऊन तयार झालं असावं, हे त्यांनी नुसत्या अक्षरांवरून दाखवून दिलं. (जाता जाता सांगते, याच सुमारास तिनं कार्ल सेगन यांच्यासोबत शुक्र आणि गुरूसारख्या ग्रहांच्या वातावरणाची रसायनं मोजायलाही हात लावला होता. बाईंची झेप!)

पण सर्वांत चिवट काम १९७८ मधलं. प्रश्न असा, की मणी बदलला तर प्रत्येक बदल सारखाच धरायचा का? साखर संपली तर गुळावर भागतं, चिंच नसेल तर आमसूल चालतं. पण साखरेच्या जागी मीठ घातलं तर? प्रथिनांचंही तसंच. काही मणी एकमेकांची जागा घेतात आणि प्रथिनाला फारसं कळतही नाही. काही अदलाबदली मात्र निसर्ग चालवूनच घेत नाही. मार्गारेट आणि तिच्या सहकाऱ्यांनी अंदाज बांधत न बसता मोजायला घेतलं. जवळच्या नात्यातल्या प्रथिनांचे ७१ गट, त्यांत सापडलेले १५७२ बदल, आणि त्यावरून कुठला मणी कुठल्या मण्याच्या जागी किती सहज चालतो याचा तक्ता. त्याला पॅम म्हणतात. पुढं १९९२ मध्ये ब्लोसम नावाचा दुसरा तक्ता आला आणि आज तो जास्त वापरतात. तरी पॅम अजून गेलेला नाही. त्या मुलीच्या साच्यात मापांची वही आहे असं म्हटलं ना, त्यात ताडणीच्या टप्प्याला कुठला तक्ता घ्यायचा हे एका ओळीत लिहावं लागतं. चालणाऱ्या नावांत पॅम आहे!

या मांडणीचा उपयोग काय झाला म्हणाल, तर एकच सांगते. १९८२ मध्ये मार्गारेट आणि तिची सहकारी विनोना बार्कर यांना ताडून बघताना दिसलं, की गाठी निर्माण करणाऱ्या एका विषाणूतलं प्रथिन आणि सस्तन प्राण्यांच्या शरीरात नेहमीचं काम करणारं एक प्रथिन हे नात्यातले आहेत. परीक्षानळी हातात न घेता, नुसत्या लावलेल्या याद्यांवरून! कर्करोगाच्या अभ्यासात असे धागे किती मोलाचे असतात ते सांगायला नको.

मानही मिळाला. जॉर्जटाउन विद्यापीठात ती प्राध्यापक होती. अमेरिकेतल्या बायोफिजिकल सोसायटीची पहिली स्त्री सचिव ती, आणि १९८० मध्ये पहिली स्त्री अध्यक्षही तीच. त्याच वर्षी तिनं आपला संग्रह टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या कॉम्प्युटरला वापरता येईल अशी सोय केली. आपल्याकडे तेव्हा ट्रंक कॉल लावून अर्धा दिवस फोनजवळ बसावं लागायचं, ते दिवस आठवा!

पैशाची चणचण मात्र पाठ सोडत नव्हती. निधी तुकड्यातुकड्यानं मिळे. म्हणून संस्थेनं संग्रहासाठी पैसे घ्यायला आणि त्याच्या पुढच्या वाटपावर बंधनं घालायला सुरुवात केली. इथं शास्त्रज्ञ बिथरले. शोध आमचे, आणि आम्हालाच विकणार? खरं सांगायचं तर त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. निधी न देता फुकट द्या म्हणणं सोपं असतं हे जितकं खरं, तितकंच माहिती सगळ्यांची आहे हेही खरं. तेव्हा डीएनएच्या क्रमांचा राष्ट्रीय संग्रह उभारायचं अमेरिकी सरकारच्या मनात होतं. मार्गारेटला वाटत होतं, हे काम आपल्याकडे येईल. वीस वर्षं दुसरं तिनं केलं काय होतं? पण १९८२ मध्ये ते काम लॉस अलामॉसच्या गटाकडे गेलं. माहिती मोकळेपणानं वाटायची त्यांची तयारी होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. तोच आजचा जेनबँक. 

त्यानंतर थोड्याच महिन्यांत, ५ फेब्रुवारी १९८३ रोजी, हृदयविकाराच्या झटक्यानं मार्गारेट गेली. वय अवघं ५७.

संग्रह तिच्यासोबत गेला नाही. लेडली, विनोना बार्कर आणि बाकीच्यांनी १९८४ मध्ये त्यालाच प्रोटीन इन्फर्मेशन रिसोर्स असं रूप दिलं. २००२ मध्ये युरोपातल्या संग्रहांशी हातमिळवणी होऊन त्यातून युनिप्रॉट उभं राहिलं. ते सगळ्या जगाला फुकट आहे. आमच्या हरभऱ्याच्या बुरशीची प्रथिनं ताडली जातात ती याच संग्रहाशी. तिच्या नावाचा पुरस्कार बायोफिजिकल सोसायटी १९८४ पासून देते, तो संशोधनाच्या वाटेवर नुकत्याच स्थिरावू लागलेल्या स्त्रियांसाठी असतो. मार्गारेटच्या दोन्ही मुलीही विज्ञानातच शिकल्या.

आता शेजारच्या मुलीचं काय झालं ते सांगते, कारण तुमच्याही घरात अशी एखादी असेल आणि ती त्या काळ्या पडद्याला घाबरत असेल. सीनियरनं तिला बजावलं होतं, की साचा मिळाला म्हणून लगेच आपली माहिती त्यात कोंबायची नाही. आधी साच्यासोबत आलेली चिमूटभर माहिती जशीच्या तशी चालवून बघायची. शिवणक्लासमध्ये पेपर कटिंग आधी जुन्या कापडावर बेतून बघायला लावतात ना? तसंच. ते विनातक्रार पार पडलं, की मग एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवायचं. दोन बदल एकदम केले आणि काही बिघडलं, तर कशानं बिघडलं ते कळत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमची कुठली आवृत्ती वापरली ते वहीत नोंदवायचं, कारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की आकडे थोडे हलू शकतात. आणि नमुन्यांची यादी वेगळ्या तक्त्यात, एका नमुन्याला एक ओळ, नावात रिकामी जागा सोडायची नाही. कच्च्या माहितीच्या कप्प्याला तर हातच लावायचा नाही. तिथून घ्यायचं, तिथं लिहायचं नाही.

पहिल्या दिवशी चाचणीचा फेरा दोनदा अडला. एकदा तक्त्यात स्वल्पविराम राहिला होता, एकदा फायलीचं नाव चुकलं होतं. तिसऱ्यांदा सगळे टप्पे एकामागून एक पूर्ण झाल्याच्या ओळी पडद्यावर आल्या. मग तिनं आपल्या बुरशीची प्रथिनं लावली आणि रात्री कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून झोपली. सकाळी चहाच्या वेळेला धावत आली. यादी, जुळणी, वंशावळ, सगळं आपापल्या कप्प्यात. आणि या वेळी कुठल्या यादीवरून काय निघालं ते साच्यानंच लिहून ठेवलं होतं.

वहिनींना त्यातलं काही कळलं नाही. त्या चष्मा लावून पडद्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, की यात तुझं नाव कुठं आहे? तो मोकळा सोडलेला रकाना तिला तेव्हा आठवला. तिनं तिथल्या तिथं मापांची वही उघडली, लेखक या शब्दापुढं आपलं पूर्ण नाव टाइप केलं आणि फेरा पुन्हा चालवायला लावला.